धावताना बोलता येतंय का? वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकाची उत्तरं

वय ३८, पुण्यात आयटीत नोकरी. आठवड्याचे सहा दिवस पाच किलोमीटर धावतो, रोज जीव तोडून. सहा महिने झाले, ३५ मिनिटांच्या खाली काही येत नाही. आणखी जोर कुठे लावू?

जोर कमी करा. तुम्ही रोज परीक्षा देताय आणि अभ्यास मात्र एकही दिवस करत नाही.

सहाचे चार दिवस करा. त्यातले तीन दिवस सावकाश धावा. तुमचा आजचा वेग किलोमीटरला सात मिनिटं आहे. सावकाश म्हणजे साडेआठ, प्रसंगी नऊ. हे वाचून हसू आलं असेल. पण घड्याळ बाजूला ठेवा आणि धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलून बघा. तोंडातून नुसतं ‘हो’, ‘नाही’, ‘तू हो पुढे’ एवढंच निघत असेल, तर वेग जास्त आहे. तळजाईच्या चढावर दम लागला तर खुशाल चाला. ग्रुपमधले पुढे जातील, जाऊ द्यात. त्यांच्यातले निम्मे तुमच्यासारखेच अडकलेले असतात.

हळू धावण्याने होतं काय? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंमधल्या केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची शरीराची क्षमता सुधारते. हे बदल व्हायला आठवडे, महिने लागतात आणि रोज थकवून टाकलेल्या शरीरात ते नीट होत नाहीत. स्टीफन सायलर या क्रीडाशास्त्रज्ञाने दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं सोपी निघाली. ज्यांचं पोट धावण्यावर चालतं ते लोक पाचातले चार दिवस आरामात धावतात. आपण हौशी मंडळी मात्र ऑफिसला जायच्या आधी रोज ऑलिंपिक उरकून घेतो.

चौथा दिवस जोराचा. पंधरा मिनिटं हलकं धावून अंग गरम करा. मग ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास, दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं चालणं. ट्रॅक नसला तर सोसायटीबाहेरचा सरळ रस्ता चालेल. सहावी फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे. ओढूनताणून झाली, तर पुढच्या वेळी प्रत्येक फेरी पाच सेकंदांनी हळू घ्या. तीन सोप्या दिवसांपैकी रविवारचं अंतर वाढवत न्या: सहा, सात, आठ, चौथ्या आठवड्यात पुन्हा सहा. असं करत दहापर्यंत पोचा. तोवर पाच किलोमीटर घड्याळ लावून अजिबात धावायचं नाही. दहा-बारा आठवड्यांनी एकदाच लावा. ३३ च्या आत आलात तर मला नवल वाटणार नाही.

मी ५२ वर्षांची, नाशिकला राहते. रोज पाऊण तास चालते. आता धावावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, या वयात गुडघे झिजतील.

घरच्यांची काळजी खरी, माहिती जुनी. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंपैकी साधारण साडेतीन टक्के लोकांत आढळला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांपैकी सुमारे दहा टक्के लोकांत. यावरून धावल्याने गुडघे सुधारतात असं म्हणता येणार नाही, पण झिजतात हा धाक सोडून द्यायला हरकत नाही.

गुडघ्याला आधीच सूज असेल, जिना उतरताना कळ येत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असताना लागणारी धाप आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढतात.

मग सुरुवातीला दहा मिनिटं चाला. त्यानंतर एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. एक दिवसाआड. दोन आठवडे सोपं गेलं की धावणं दीड मिनिट. बूट चांगले घ्या आणि तितक्याच विचाराने स्पोर्ट्‌स ब्रा घ्या. तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही आणि पहिल्याच आठवड्यात धावणं सुटायचं ते एक कारण असतं.

कोल्हापूरहून लिहितोय. १० किलोमीटर ५८ मिनिटांत धावतो, सगळा सराव रंकाळ्याभोवती. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. दोन तासांच्या आत होईल?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्राने तुमच्या वेळेवरून सपाटीवरची अर्धमॅरेथॉन २ तास ८ मिनिटांच्या आसपास येते. तीही २१ किलोमीटरला पुरेल एवढा सराव असेल तर. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. पहिल्या वेळी २ तास २५ मिनिटं ही चांगली वेळ समजा.

घाटात घड्याळातला वेग बघूच नका. श्वास बघा. सपाटीवर जेवढी धाप लागते तेवढीच चढावर राहू द्या, मग वेग किलोमीटरला आठ मिनिटांवर गेला तरी चालेल.

चढाचा धसका सगळेच घेतात, घात मात्र उतार करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्याने त्यांना बारीक इजा होते आणि दोन दिवसांनी जिना उतरता येत नाही. गंमत अशी की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेच स्नायू उताराला बरेच सरावलेले असतात. म्हणून शर्यतीआधी दोन-तीन रविवार जोतिबाच्या डोंगरावर जा. चढताना चाललात तरी चालेल, उतरताना धावा. पावलं छोटी, अंग मागे रेललेलं नको. शेवटची फेरी शर्यतीच्या दोन आठवडे आधी. शर्यत पावसाळी दिवसांत असते, तेव्हा ओल्या मोज्यांतही एकदा लांब धावून बघा आणि काखेत, मांड्यांमध्ये व्हॅसलीन चोपडा.

नव्या वर्षाचा संकल्प म्हणून आठवड्याला १५ किलोमीटरवरून ३५ वर गेलो. आता दोन्ही नडग्या दुखतात. धावून मोडेल का हे दुखणं?

मोडेल ते हाड. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. चार-पाच बोटं लांबीची पट्टी दुखत असेल, तर दोन आठवडे सायकल किंवा पोहणं, पोटऱ्यांचे व्यायाम, आणि मग पुन्हा १५ पासून सुरुवात. दुखरी जागा बोटाच्या टोकाएवढीच असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर तडा गेल्याची शंका घ्या आणि डॉक्टरांकडे जा. सुरुवातीचा तडा एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून लगेच धावायला लागू नका.

मित्र म्हणतो, मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत आणि तळात कार्बनची कडक पट्टी (प्लेट) असलेले बूट हवेतच. खरं का?

१८० चा आकडा जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाच्या निरीक्षणातून आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली होती. ऑलिंपिकचे धावपटू, तेही शर्यतीच्या वेगात. तुमची १६५ पडत असतील तर पडू द्या. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत असेल तरच पाच टक्क्यांनी वाढवून बघा. बुटांचे पैसे वाचवा.

नागपूर. मे महिन्यात पहाटे पाचला निघूनही किलोमीटरमागे मिनिटभर हळू पडतोय. फिटनेस गेला का?

गेला नाही. उन्हाळ्यात रक्ताचा बराच वाटा अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतो, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. शरीर उकाड्याला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यानंतरही हिवाळ्याचा वेग परत येत नाही. मे-जूनमध्ये किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. तासाभराहून जास्त धावणार असाल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. आणि कुणी धावता धावता भेलकांडू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर मिळेल तेवढं थंड पाणी ओता आणि ओतत असतानाच दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन लावायला सांगा.