बोअरचं पाणी उकळून भागेल का?

प्रश्न : मोहोळजवळ आमची वस्ती आहे. बोअरला लागूनच उकिरडा, पलीकडे संडासाचा शोषखड्डा. तपासणीत नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम निघालं. नातू दोन महिन्यांचा, पावडरच्या दुधावर आहे. पाणी उकळून दिलं तर चालेल ना?
– एक आजी

उत्तर : नाही आजी, चालणार नाही. हे आजच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, म्हणजे शेण, मैला, खतं यांतून पाण्यात उतरणारा क्षार, जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्याने घटते. ओठ, नखं निळसर दिसली तर तडक दवाखाना गाठा. बाळाचं दूध तपासलेल्या दुसऱ्या पाण्यातच कालवा. तुरटी, क्लोरीन यांचा इथे उपयोग नाही. आरओने नायट्रेट कमी होतं, पण त्यातलं पाणीही तपासून घ्या.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून घाण पाणी फारसं न गाळता खाली उतरतं. पाऊस पडताना बोअरजवळ उभं राहून बघा. केसिंगभोवतीची (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपाभोवतीची) माती खचून शेणाचं पाणी तिथेच मुरताना मी कितीतरी वस्त्यांवर पाहिलंय, आणि दरवेळी जीव तुटतो. केसिंग हातभर वर घ्या, भोवती बाहेर उतार देऊन सिमेंटचा ओटा करा. उकिरडा उताराच्या खालच्या बाजूला न्या. शोषखड्डा बोअरपासून किमान १५ मीटर दूर हवा, भेगाळ खडकात त्याहून जास्त. शेजारी ऊस असेल तर युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यायला सांगा. पावसाळा सरला की पाणी पुन्हा तपासा.