सांगायला आली, तिचं काही काढून घेऊ नकोस

प्रिय मुली,

काल रात्री आलेला तुझा लांबलचक मेसेज तीनदा वाचला. नववीतली मुलगी मधल्या सुट्टीत तुझ्याकडे आली. दप्तरात लपवून आणलेला मोबाइल तिने तुला दाखवला. मुलांनीच काढलेल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या शरीरावर चिकटवलेला फोटो फिरतोय. "बाई, कोणाला सांगू नका," म्हणून ती रडली आणि तू हो म्हणालीस. आता मुख्याध्यापक म्हणतात, शाळेत मोबाइलला बंदी आहे, तेव्हा आधी तो जप्त करा आणि पालकांना बोलवा. नियम पाळू की दिलेला शब्द पाळू, असं तू विचारतेस.

दोन्ही पाळू नकोस. मोबाइल जप्त करायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये एक रस्ता आहे, आणि तो एका वाक्यावर उभा आहे: सांगायला आलेल्या मुलाकडून काहीही काढून घ्यायचं नाही. मोबाइल नाही, क्लास नाही, मैदान नाही, मैत्रिणी नाहीत, आणि पुढे काय होणार हे आधी कळण्याचा तिचा हक्कही काढून घ्यायचा नाही.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र खोडून टाक. "तिनेही डीपीला तसा फोटो ठेवायला नको होता." कसा फोटो? गणपतीत साडी नेसून काढलेला? हल्ली असा फोटो बनवायला कुठलाही साधा, समोरून काढलेला चेहरा पुरतो. आपल्या शाळांची फेसबुक पानं उघडून बघ. गणवेश, बिल्ला, पूर्ण नाव, तुकडी, सगळं एकाच फोटोत असतं. दहावीच्या निकालाचे फ्लेक्स तर चौकात लावतो आपण. चेहरा तिने पुरवला म्हणणार असशील, तर शाळेने किती पुरवले तेही मोज. हे वाक्य तिच्यासमोर चुकूनही तोंडातून गेलं, तर ती पुन्हा कधी तुझ्याकडे येणार नाही. आणि तिच्या बाकावरच्या दोघी, ज्या तुझ्याकडे बघून ठरवणार आहेत की आपलंही सांगावं की नाही, त्याही येणार नाहीत.

आता उद्याचं काम. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नोंद, मग तक्रार, मग ब्लॉक. घाबरलेलं मूल नेमकं उलटं करतं. आधी ब्लॉक करतं, ग्रुप सोडतं, चॅट पुसतं. मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. पाठवणाऱ्याला "डिलीट फॉर एव्हरीवन" करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून उद्याचं काम परवावर ढकलू नकोस. ग्रुप इन्फो उघडून डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पुसले जाणारे मेसेज, चालू आहेत का बघ. तिथे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असा काटा लावता येतो. २४ तास असेल तर तुझ्याकडे काही तासच आहेत.

नोंद कागदावर, हाताने कर. ग्रुपचं नाव, तो कोणी आणि कधी काढला (हे ग्रुप इन्फोमध्ये दिसतं), फोटो कुठल्या नंबरवरून आला, तारीख, वेळ, कोणी पुढे पाठवल्याचं दिसतंय. चॅट एक्स्पोर्ट करणार असाल तर "मीडियाशिवाय" हाच पर्याय निवडा. इन्स्टाग्रामवरही आला असेल तर वर दिसणारं नाव पुरत नाही, ते कोणीही केव्हाही बदलतं. युजरनेम अक्षर न् अक्षर लिही, प्रोफाइलची लिंक उतरवून घे, आणि "अबाउट धिस अकाउंट"मध्ये खातं कधी उघडलं ते बघून घे.

आणि हे नीट वाच, कारण भल्या भल्या शिक्षकांची चूक इथेच होते. तो फोटो तुझ्या मोबाइलवर घ्यायचा नाही. "पुरावा म्हणून" मुख्याध्यापकांना पाठवायचा नाही, पर्यवेक्षकांना नाही, शिक्षकांच्या ग्रुपवर तर नाहीच. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात २०१९ साली जी व्याख्या घातली, तीत लहान मुलाचं म्हणून बनवलेलं, बदललेलं अश्लील चित्रही येतं. शरीर तिचं नाही, हा बचाव तिथे चालत नाही. कायद्याने ठरवलेल्या रीतीने तक्रार करणं किंवा कोर्टात पुरावा देणं एवढं सोडलं, तर असं चित्र पुढे पाठवणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, शिक्षक-खोलीतल्या सहा जणांनी तो पाहिला हे तिला कळलं, तर ती उद्या शाळेत पाऊल कसं टाकेल? फोटो जिथे आहे तिथेच राहू दे, तिच्या मोबाइलमध्ये. पोलिसांना मूळ मोबाइलच लागतो. म्हणून तो रिसेट करायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकायचं नाही, सिम बदलायचं नाही.

आता कळलं का, जप्ती का नको? कपाटात बंद झालेला मोबाइल हा पुरावा नसतो. बॅटरी संपते, काटा लावलेले मेसेज उडतात, आणि घरी गेल्यावर बाप रागाने सगळं पुसून टाकतो. जप्तीचे नियम मीही लिहून दिलेले आहेत: पाकिटावर नाव, तुकडी, तारीख, सत्र संपेपर्यंत कपाटात. तेव्हा ती शिस्त वाटली. आज त्याची लाज वाटते. त्या कपाटात मोबाइलबरोबर कोणाकोणाचं तोंड बंद झालं, हे मला कधीच कळणार नाही. त्यामुळे ह्या एका बाबतीत मला कोणी हट्टी म्हणो, मवाळ म्हणो, मी मागे हटणार नाही. बंदी असूनही तिने मोबाइल आणला, कारण दाखवायला दुसरा उपाय नव्हता. तिला नियमभंगाची शिक्षा केलीत, तर सांगण्याची शिक्षा केलीत.

आता तू दिलेल्या शब्दाचं. "कोणाला सांगणार नाही" हे वचन द्यायचा अधिकार आपल्याला नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या कोणीही तो पोलिसांना कळवायचाच असतो. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कसलीही जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. मुख्याध्यापक "शाळेचं नाव" म्हणायला लागले की ते कलम त्यांच्यासमोर ठेव. मुलीला उद्या सरळ सांग, "मी चुकीचा शब्द दिला. गप्प राहणं मला जमणार नाही. पण ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि प्रत्येक वेळी आधी तुला सांगेन." एवढं केलंस तर तू तिच्याकडून काही काढून घेतलेलं नाहीस.

पोलीस म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर गाडी आणि खाकी येईल. तिला सांग की तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा जिच्यावर तिचा विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत असते. ती व्यक्ती तू असू शकतेस. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. गेल्यावर त्यालाच विचार, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर सगळी कथा उघड्यावर सांगत बसू नकोस. "हे सायबरचं आहे, तिकडे जा" म्हणाले तरी हलू नकोस. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, पुढे कुठे पाठवायची ते त्यांचं काम. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. वर्गातल्या ज्या मुलांना सांगायचंय पण पुढे यायचं नाही, त्यांना ते दाखव. १९३० हा नंबर पैसे उकळले गेले असतील तेव्हाचा. आणि तेव्हा तासाभरात फोन गेला तर पैसे अडवण्याची शक्यता जास्त. १०९८ मुलांसाठी रात्रंदिवस आहे. ती हेल्पलाइन १९९६ साली इथेच, आपल्या मुंबईत सुरू झाली.

नोंद झाली की फोटो हटवण्याची तक्रार. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता ग्रुप रिपोर्ट केला तर शेवटचे पाचच मेसेज कंपनीकडे जातात. मधल्या काळात कोणी वीस इमोजी टाकले असले, तर त्यांना इमोजीच मिळणार. म्हणून तोच मेसेज दाबून धरून रिपोर्ट करायचा. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी बळी पडलेल्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर असा मजकूर हटवायला २०२१ च्या आयटी नियमांनी २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली. शिवाय अठरा वर्षांखालच्यांसाठी "टेक इट डाउन" नावाची मोफत सोय आहे, अमेरिकेतली एक संस्था चालवते. फोटो मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. त्याची मर्यादाही माहीत असू दे: व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद संभाषणात तो पोचत नाही, आणि फोटो कापून-बदलून टाकला तर ठसा जुळेलच असं नाही.

आईला कसं सांगायचं, ह्यावर तू एक ओळ लिहिलीस. माझ्या मते अर्धं काम तिथेच आहे. सकाळी अकराला शाळेत बोलावू नका. चार घरची कामं करणारी किंवा कारखान्यात जाणारी बाई खाडा करून येते ती आधीच धास्तावून, आणि नवऱ्याला घेऊन. ती कधी परतते विचार, आठची लोकल असेल तर नऊला भेट. विक्रोळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांसमोर हे बोलता येत नाही, तेव्हा खाली, बाहेर, दोघीच. पहिलं वाक्य हे: "तुमच्या मुलीने काही चुकीचं केलेलं नाही, तिने धाडस केलंय." दुसरं: "तिचा मोबाइल आणि क्लास बंद करू नका." कारण घरात पहिलं हेच होतं. मोबाइल जातो, मग शिकवणी, मग एकटीने बाहेर जाणं. ज्याने फोटो बनवला तो खेळायला जातो आणि ही घरात बसते. जेवण सोडलं, झोप उडाली, मरणाची भाषा आली, तर आईने तिला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला लिहून दे, तिथे मराठीत बोलता येतं.

मुलीबरोबर बसून सेटिंग्ज बघ, दहा मिनिटांचं काम आहे, पण तिच्या हातातून मोबाइल घेऊन नाही. बोटं तिचीच चालू देत. व्हॉट्सअ‍ॅपला प्रायव्हसीत ग्रुप्स आणि प्रोफाइल फोटो "माय कॉन्टॅक्ट्स"वर. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी संगणक दिसला तर लॉगआउट. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. इन्स्टाग्रामला आधी जन्मतारीख बघ. आपल्याकडची मुलं वडिलांची तारीख घालून खातं उघडतात, आणि मग किशोरांसाठीची जी बंधनं कंपनीने लावली आहेत, म्हणजे खातं आपोआप खासगी, अनोळखी माणसाचा मेसेज नाही, ती लागूच होत नाहीत. खोटं वय टाकलेलं मूल तिथे प्रौढ म्हणून उघड्यावर उभं असतं.

तो मुलगाही चौदा-पंधरा वर्षांचाच आहे, हे विसरू नकोस. त्याचं नाव पालकसभेत घ्यायचं नाही, वर्गासमोर उभं करायचं नाही. बाल न्याय कायद्याने त्याचीही ओळख झाकलेली आहे आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. त्याच्यावर जे व्हायचं ते कायद्याने होऊ दे. पण ग्रुपमधल्या ज्या कोणी हे आधी येऊन सांगितलं असेल, तो कितीही उशिरा आलेला असो, त्याला "आधी का नाही सांगितलंस" म्हणून फैलावर घ्यायचं नाही. सांगायला आला ना? मग त्याचंही काही काढून घ्यायचं नाही. वर्गाला एवढंच सांग: पुढे पाठवू नका, मोबाइलमध्ये ठेवून बघत बसू नका, आणि काय पुसायचं ते पोलीस सांगतील तसं.

बंदीचा विषय तू काढलास म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली. शिक्षक-खोलीत त्याचं उदाहरण देणाऱ्यांना विचार, दंड कोणाला आहे? कंपन्यांना. मुलाला नाही, आईबापाला नाही. आपल्याकडे बंदी म्हटलं की मुलाचं दप्तर उचकायला हात पुढे येतात. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारी शाळा मोबाइल आणला म्हणून ओरडते, हे मला कधीच पटलेलं नाही. गृहपाठच पाठवायचा तर व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपवर पाठवा. तिथे मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि नवी घोषणा फक्त अ‍ॅडमिनलाच टाकता येते. साध्या ग्रुपवर पन्नास जणांचे नंबर पन्नास जणांच्या हातात आपणच दिले, आणि मग ह्या मुलांनी त्यातून आपला ग्रुप काढला.

मुख्याध्यापकांकडे उद्या पहिल्या तासाआधी जा. तोंडी नको, अर्धं पान लिहून ने. तारीख, वेळ, मुलीचं नाव न घालता काय कळलं, पोलिसांना कधी कळवणार, आणि मोबाइल जप्त न करण्याचं कारण. एक प्रत सहीनिशी तुझ्याकडे ठेव. ते नाही म्हणाले तरी कळवण्याची जबाबदारी तुझी सुटत नाही, मग एकटी जा. पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती आईच्या हातात पडेपर्यंत निघू नकोस. आणि ठाण्यात जाण्याआधी, मधल्या सुट्टीत, तिला भेट. आज तू कुठे चालली आहेस ते तिला आधी कळू दे.

तुझी,
बाई