कामगंध सापळ्यात पतंग कमी, तरी बोंडात अळी का?

प्रश्न : कपाशीत एकरी २ कामगंध सापळे लावले आहेत. रोज दोन-तीनच पतंग सापडतात, पण हिरवी बोंडं फोडली की गुलाबी बोंडअळी निघते. सापळ्यांवर भरवसा ठेवायचा कसा?

उत्तर : सापळ्यात मादीसारखा गंध सोडणारं आमिष, म्हणजे ल्युअर असतं, म्हणून त्यात फक्त नर येतात, अंडी मात्र मादी घालते. कोषातून निघाल्यावर पहिल्या काही रात्रींत मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर तिच्या शोधात उडतो. मीलन झालं की ती पात्या (कळ्या), फुलं, कोवळी बोंडं शोधत फिरते. शेजारच्या लवकर लावलेल्या पऱ्हाटीतून (कपाशीतून) अशी मादी तुमच्या वावरात आली, तर सापळ्यात त्याची नोंद होत नाही. दुसरं, वावरातच माद्या वाढल्या की नर ल्युअरऐवजी त्यांच्याकडे जातात. म्हणून ऑक्टोबरनंतर कमी आकडा दिसला तरी निर्धास्त राहू नका.

आधी सापळा तपासा. ल्युअर तीन आठवड्यांनी बदला, औषधाच्या हाताने धरू नका. सापळा शेंड्याच्या एक-दीड फूट वर हवा. पऱ्हाटी वाढते, सापळा तिथंच राहतो आणि पानांत बुडतो, ही चूक सर्रास दिसते. पिशवी रोज सकाळी रिकामी करा, नाहीतर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातात.

एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. पण आकडा कमी असला तरी दर आठवड्याला एकरी वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून पाहाच. २ बोंडांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं, म्हणजे १० टक्के नुकसान झालं, तेव्हाही फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, तोडून नष्ट करा. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका. अळी बोंडात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे उशीर महागात पडतो.

प्रश्न : एकरी ८-१० सापळे लावले तर फवारणी टळेल का?

उत्तर : एकट्याच्या वावरात नाही. एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी अंडी पडतातच, शिवाय मीलन झालेल्या माद्या बाहेरून येतात. अख्ख्या शिवारात, पात्या लागण्याच्या सुमारास सगळ्यांनी मिळून लावले तरच उपयोग होतो.