कॅथलिक पाद्री असून भौतिकशास्त्रज्ञ, असं खरंच कोणी होतं का?

हो, होते ना, आणि साधेसुधे नाही, बिग बँगची, म्हणजे विश्व एका अतिशय दाट, छोट्याशा अवस्थेतून सुरू झालं या सिद्धांताची, मूळ कल्पनाच त्यांची! जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे, जन्म १८९४. इंजिनिअरिंग शिकत होते, मधेच पहिलं महायुद्ध आलं, तोफखान्यात लढले, परत आल्यावर गणित-फिजिक्सकडे वळले आणि १९२३ मध्ये पाद्रीही झाले. मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे, पुढे अमेरिकेत, आणि नंतर लूव्हाँ विद्यापीठात प्रोफेसर.

१९२७ मध्ये त्यांनी आइनस्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय, आणि त्याचा वेगही काढला, म्हणजे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या दोन वर्षं आधी! पण पेपर फ्रेंचमध्ये, फारशा कोणी न वाचलेल्या जर्नलमध्ये, आणि १९३१ च्या इंग्रजी भाषांतरात तो वेगाचा भाग त्यांनी स्वतःच गाळला, त्यामुळे नाव हबलचं झालं. मला याचं फार वाईट वाटतं. २०१८ ला खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेऊन विश्वाच्या प्रसरणाच्या नियमाला, म्हणजे तोवरच्या 'हबल नियमा'ला, हबल-लमेत्र नियम म्हणा अशी शिफारस केली, उशिरा का होईना.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे १९५१ मध्ये खुद्द पोपनी बिग बँगच्या सिद्धांताचा संबंध ईश्वराच्या सृष्टीनिर्मितीशी जोडला तेव्हा लमेत्रना ते अजिबात रुचलं नाही, विज्ञान वेगळं आणि श्रद्धा वेगळी हे त्यांचं ठाम मत होतं.

जून १९६६ मध्ये गेले, पण त्याआधी आजारपणातच त्यांना कळलं की बिग बँगचं उरलेलं रेडिएशन सापडलंय.