मिनिममला पोचल्यावर खाली घरं दिसत असूनही विमान वर का नेतात?

प्रश्न असा आहे: "सीपीएलच्या तयारीला लागलोय. आयएलएसच्या चार्टवर तळाशी चौकट असते, त्यात डीए(एच) आणि आरव्हीआर. हे 200 फूट आणि 550 मीटर नेमके वाचायचे कसे? आणि मागच्या पावसाळ्यात आमचं विमान मुंबईवरून अहमदाबादला नेलं, तेव्हा मला खिडकीतून घरांची छपरं स्पष्ट दिसत होती. मग उतरले का नाहीत?"

आधी शब्द उलगडू. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. आयएलएस म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ सिग्नलवरून विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा. डीए(एच) म्हणजेच मिनिमम, निर्णयाची उंची: उतरायचं की वर जायचं ते तिथे ठरतं. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा.

छपरं दिसली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी एअरबस 320 उडवतो. असंच एकदा विमान दुसरीकडे न्यावं लागलं, तेव्हा उतरताना एका काकांनी दारातच गाठलं. "अहो कॅप्टन, मला खालच्या रिक्षा दिसत होत्या!" दिसत असणारच. काका सरळ खाली बघत होते, म्हणजे दोन-अडीचशे फुटांच्या पावसातून. मी नाकासमोर तिरका बघत होतो, जवळजवळ एक किलोमीटर पावसातून, आणि वायपर फुल स्पीडला.

हा एक किलोमीटर आला कुठून, ते कागदावर मांडून बघा. ग्लाइड स्लोप, म्हणजे आयएलएसचा उतरता मार्ग, 3 अंशांचा, आणि विमान थ्रेशोल्डवरून, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीवरून, साधारण 50 फुटांवरून जातं. म्हणजे 200 फुटांवर असताना थ्रेशोल्डपर्यंत अजून 150 फूट उतरायचंय, आणि 3 अंशांनी तेवढं उतरायला सुमारे 870 मीटर लागतात. आता आरव्हीआर बघा: 550. म्हणजे कॅट वनच्या (आयएलएसच्या साध्या दर्जाच्या) अगदी तळाच्या हवेत मिनिममला धावपट्टी दिसणं अपेक्षितच नाही! दिसायला हवेत ते अप्रोच लाइट्स. त्यांची पूर्ण रांग थ्रेशोल्डच्या अलीकडे 900 मीटरपर्यंत असते, म्हणजे 200 फुटांवर तुम्ही त्या रांगेच्या पहिल्या टोकाशी असता. 200 आणि 550 हे आकडे या दिव्यांच्या भरवशावर उभे आहेत. म्हणून तर चौकटीत 'एएलएस आउट' (अप्रोच लाइट्स बंद) असा वेगळा रकाना असतो. दिवे बंद असतील तर 550 चे थेट 1200 मीटर होतात. हा रकाना विद्यार्थी हमखास विसरतात, आणि परीक्षक हमखास विचारतात.

कॉकपिटमध्ये हे सगळं काही सेकंदांत होतं. 'हंड्रेड अबव्ह' (मिनिममच्या 100 फूट वर) ऐकू आलं की मी नजर वर करतो. आठेक सेकंदांनी 'मिनिमम'. तोवर समोर दिव्यांची ओळ उमटली तर 'कंटिन्यू', नाहीतर 'गो अराउंड' म्हणून थ्रस्ट लिव्हर पुढे आणि विमान वर. "बहुतेक दिसतायत वाटतं" याला उत्तर एकच: गो अराउंड. तिथून चाकं टेकायला जेमतेम 17 सेकंद असतात.

म्हणूनच चार्ट हातात आला की मी मिस्ड अप्रोच, म्हणजे न उतरता वर गेल्यावर जायचा मार्ग, आधी वाचतो. जेपसन या कंपनीच्या चार्टवर तो वरच्या पट्टीतच असतो, लोकलायझरची (धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवणाऱ्या सिग्नलची) फ्रिक्वेन्सी, फायनल कोर्स (उतरायची दिशा) आणि डीएच्या सोबत. तुम्हीही तशीच सवय लावा.

आता कंसाचं कोडं. डीए समुद्रसपाटीपासून मोजतात, कंसातला डीएच थ्रेशोल्डपासून. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 फुटांवर, पुण्याचं लोहगाव साधारण 1940 फुटांवर. समजा दोन्हीकडे डीएच 200 आहे. मग डीए मुंबईत 240 च्या आसपास येईल आणि पुण्यात 2140 च्या. अल्टिमीटर दाखवतो तो कंसाबाहेरचा आकडा, आणि तोही क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबातला तिथला हवेचा दाब, बरोबर लावला असेल तरच.

हा 'तरच' किती महागात पडू शकतो, ते 23 मे 2022 ला पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर दिसलं. आयएलएस बंद होती, म्हणून एक ए-320 आरएनपी, म्हणजे उपग्रहांच्या आधारे चालणारा, अप्रोच करत होतं. क्यूएनएच होता 1001, कंट्रोलरने सांगितला 1011. एका हेक्टोपास्कलला 28 फूट धरा, म्हणजे विमान दाखवल्यापेक्षा सुमारे 280 फूट खाली. आयएलएसचा ग्लाइड स्लोप जमिनीवरून येतो, तो क्यूएनएचला भीक घालत नाही. चार्टवर ग्लाइड स्लोप तपासायची जी उंची छापलेली असते, तिथे अल्टिमीटर जुळला नाही की चूक पकडली जाते. पण हे विमान वापरत होतं त्या बॅरो-व्हीएनएव्हीचा उतार अल्टिमीटरवरूनच काढलेला असतो, त्यामुळे चुकीच्या क्यूएनएचवरही अंतर आणि उंची कोष्टकाशी छान जुळत राहते! वैमानिकांना त्यांच्या मिनिममला काही दिसलं नाही, म्हणून त्यांनी विमान वर घेतलं. जमिनीपासूनची खरी उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर सर्वांत कमी नोंद झाली 6 फुटांची, तीही धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे.

प्रोफाइल व्ह्यू, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या उताराच्या चित्राला कमी लेखू नका. काठमांडूचा अप्रोच पायऱ्या-पायऱ्यांचा, अमुक डीएमईला (रेडिओ केंद्रापासूनच्या अंतराला) अमुक उंची. 28 सप्टेंबर 1992 ला पाकिस्तान इंटरनॅशनलचं विमान तिथे डोंगरावर आदळून 167 जण गेले. चौकशीत निघालं की प्रत्येक डीएमईला विमान एक पायरी पुढची, म्हणजे कमी, उंची पकडून चाललं होतं. मी आजही पायऱ्यांचा अप्रोच असला की पेन्सिलचं टोक आकड्यावर ठेवून मोठ्याने वाचतो. शेजारचा हसला तर हसू दे.

बाकी थोडक्यात. एमडीए (उतरायची किमान उंची) नॉन-प्रिसिजनसाठी, म्हणजे ग्लाइड स्लोप नसलेल्या अप्रोचसाठी. डीएवरून वर घेताना विमान थोडं खाली गेलं तर चालतं, एमडीएच्या खाली एक फूटही नाही. रकाने ए, बी, सी, डी हे थ्रेशोल्डवरच्या वेगाचे, माझं विमान सी मध्ये, तुमचं सेसना ए मध्ये. आरव्हीआर मोजतात ती यंत्रं धावपट्टीच्या कडेला असतात. आपल्याकडे त्यात बंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेने बनवलेलं 'दृष्टी' आहे. 1000 फुटांवर येण्याआधीच आरव्हीआर मिनिममच्या खाली गेला तर पुढे उतरायचंच नाही. त्यानंतर घसरला तर डीएपर्यंत जाऊन बघता येतं.

"मग दिल्लीच्या धुक्यात कसे उतरतात?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तिथे कॅट थ्री-बी हा आयएलएसचा वरचा दर्जा आहे, आरव्हीआर 50 मीटरपर्यंत, आणि ऑटोपायलटच उतरवतो. त्यासाठी धावपट्टी, विमान आणि दोन्ही वैमानिक असे सगळेच त्या दर्जाचे लागतात.

तुमच्या अहमदाबादचं म्हणाल, तर पाऊस सरेल म्हणून घिरट्या घालता येतात, पण इंधनाचा काटा बघत. अहमदाबादला पोचायचं इंधन आणि त्यावर 30 मिनिटांचं राखीव, एवढंच टाकीत उरायची वेळ आली की मुंबईला रामराम. मग छपरं दिसोत, नाहीतर रिक्षा.