ॲट्रोपिनचे थेंब नुकते सुरू केलेत? मग एवढं सांभाळा

ताई, मुलांचा लांबचं धूसर दिसण्याचा (मायनस) नंबर भराभर वाढू नये म्हणून हे थेंब देतात. त्यांनी आधीच लागलेला नंबर उतरत नाही, वाढायचा वेग कमी होतो. चष्मा चालूच राहणार. दोन महिन्यांत "फरक नाही" म्हणून बाटली बाजूला ठेवणारे खूप. हे काम सहसा दोन वर्षं किंवा जास्त चालतं.

बाटलीवरची टक्केवारी दर वेळी वाचा. मुलांना साधारण ०.०१ ते ०.०५ टक्के देतात. दुकानात १ टक्क्याचंही मिळतं, ते ०.०१ च्या शंभर पट. चुकून घातलं तर बाहुली मोठी होऊन कित्येक दिवस जवळचं धूसर दिसतं.

रात्री झोपताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोळ्यात एकच थेंब:

- हात धुवा, खालची पापणी ओढून तिथे थेंब सोडा. टोक डोळ्याला लावू नका.
- डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.
- राहिला तर राहिला, दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

बाटली उघडल्याची तारीख लिहा. बहुतेक महिनाभरच चालतात. आपल्याकडचा मे म्हणजे बेचाळीस अंश, गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. धाकट्याच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे.

उन्हाचा त्रास वाटला तर टोपी द्या, पण रोज दोन तास अंगणात खेळू द्याच. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. सहा महिन्यांनी नंबर आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी मोजून घ्या. बंद करायचं तेही डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर नंबर पुन्हा झपाट्याने वाढू शकतो.