पावसाळ्यात नाशिकला नदीजवळ खोली घ्यावी का?

जूनअखेर नोकरीसाठी नाशिकला येताय, पंचवटीत नदीजवळ खोली स्वस्त मिळतेय, घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. वरचा मजला असेल तर जरूर घ्या. तळमजला असेल तर भाडं निम्मं केलं तरी घेऊ नका. माझं बालपण गोदाघाटाजवळच्या भांडी बाजारात गेलं, म्हणून एवढं ठाम सांगतोय.

आमच्याकडे पूर डोक्यावरच्या ढगांवरून ओळखता येत नाही. शहरात नुसती भुरभुर असते आणि तिकडे त्र्यंबकच्या डोंगरात झड लागलेली असते. ते पाणी गंगापूर धरणात येतं. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो, आणि काही तासांत गंगा चढते. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. 'गंगेवर' म्हणजे रामकुंड, गोदाघाटाच्या बाजूला.) म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज विसर्गाचा आकडा बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हटलं की किती पाणी ते मनात येईल. शहरातच जोराचा कोसळला तर नासर्डी आणि वाघाडी या गावातल्या छोट्या नद्याही फुगतात, ते वेगळंच.

खरं माप मात्र दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदाघाटावरची मारुतीची उंच मूर्ती. पाणी त्याच्या गुडघ्याला, कंबरेला, छातीला, असे फोन फिरतात. कंबरेला लागलं की घाटाजवळचे दुकानदार आवराआवर सुरू करतात. सप्टेंबर २००८ मध्ये आम्ही घरातले सगळे जिन्यावर रांगेत उभे राहून पातेली, हंडे हातोहात वर देत होतो. तरी खालचा अर्धा माल गेला. आणि पुरापेक्षा वाईट तो गाळ. पाणी उतरत असतानाच खराट्याने त्याच्याबरोबर लोटून द्यावा लागतो. एकदा सुकला की फरशीला असा धरतो की खरवडून काढावा लागतो, वास तर दिवाळीपर्यंत जात नाही. पुढे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही पाणी बाजारपेठेत शिरलं.

गाडी रात्रीची गंगेवर कधीच लावू नका. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रस्ता गच्च असतो, तेव्हा त्या बाजूला ऑफिस असेल तर लवकर निघा. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, जास्तीचा जोड आणा.

खोली बघायला जाल तेव्हा मालकाला नको, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, २००८ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.